पायरीला लावलेली गाडी

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूरच्या हवेचा वास बदलतो. मळीचा तो जाडसर, आंबूस-गोड वास नव्या माणसाला नकोसा होतो. आम्हाला मात्र तो आला की कपाटातले स्वेटर काढायचे, एवढंच कळतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. एकीला दुसरी जोडलेली, मागच्या उसाला लाल फडकं बांधलेलं, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की मागून हॉर्न वाजवायचा तो फक्त आपल्या समाधानासाठी. सकाळी थंडी असते. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या काचेवर दव बसतं, आणि त्या दवात एक नाव उमटतं: राजनंदिनी.

राजनंदिनी नावाचं आमच्या घरात कुणी नाही. गाडीच्या आधीच्या मालकांच्या मुलीचं ते नाव. काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत चिकटवलेलं होतं. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी ब्लेड आणि रॉकेलचा बोळा घेऊन ते खरवडून काढलं. काच लख्ख झाली. पण डिंकानं काचेला काय केलं कोण जाणे, त्या अक्षरांच्या जागी दव बसत नाही. उन्हाळ्यात, पावसाळ्यात काही दिसत नाही. ऊसतोड सुरू झाली, थंडी पडली की पोरगी माहेरी आल्यासारखी काचेवर येऊन बसते आणि ऊन वर आलं की निघून जाते.

यंदाही ती आली. मी गाडी पुसायचं फडकं हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिले. मला असं उभं राहायची सवय नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. परीक्षेचे अर्ज, दाखले, पगारपत्रकं यांच्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यातून मला यादी करायची सवय लागली. किराण्याची यादी, दिवाळीची यादी, सुट्टीत काय आवरायचं त्याची यादी. गाडीचीही यादी केली होती. सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटल्यावर तर दोन पानं भरली होती. त्या यादीतली पहिली ओळ कुठल्याच जाहिरातीत सापडत नव्हती. ती होती: सीटची जमिनीपासूनची उंची.

ती ओळ आईसाठी होती.

आई शिवणकाम करायची. अर्ध्या मंगळवार पेठेची झंपरं तिच्या हातून गेली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मशीन बंद झालं, पण बाई ताठ राहिली. काठी घेऊन का होईना, स्वतः उठायची, स्वतः चालायची, दूध स्वतः घ्यायची. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, बुटकं बसायचं नाही. आणि आमची जुनी गाडी नेमकी बुटकी होती. त्या गाडीत बसायचं म्हणजे आईनं आधी त्यात पडायचं आणि मग उतरताना विहिरीतून वर यायचं.

एका लग्नात ते झालं. कार्यालयाच्या दारात गाडी थांबली, आईला उतरता येईना, आणि माझे दोन चुलतभाऊ प्रेमानं धावत आले. एकानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं पाय धरले. "हां, घ्या! उचला!" अख्खं वऱ्हाड बघत होतं. आईचा पदर खांद्यावरून घसरला. तिनं तो सावरला, हसली, जेवली, आहेर दिला. घरी आल्यावर लाकडी खुर्चीत बसून म्हणाली, "मी आता कुठं येणार न्हाई. पोतं उचलल्यागत उचलत्यात मला."

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. विहारात जायची बंद झाली. भाजीला जायची बंद झाली. आणि मग मावशीचा फोन आला. मावशीची आजऱ्याजवळ थोडी भातशेती आहे. दरवर्षी घनसाळाची झोडणी झाली की आई तिकडं जाते. घनसाळ म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. आई खळ्यावर उभी राहते, ओंजळभर घेते, नाकाला लावते, आणि मग आमच्या वर्षाचं पोतं ठरतं. इतकी वर्षं यात खंड नव्हता. त्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "तू धाडून दे गं तांदूळ. कुठलाबी चालंल."

पलीकडून मावशीचा आवाज इतका मोठा आला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "कुठलाबी? तू वास घेतल्याबिगर?"

आईनं फोन ठेवला. मी यादीचं पान काढलं.

आईचा शिवणाचा टेप अजून तिच्या मशीनच्या खणात होता. पिवळा, कडा झिजलेला, आकडे पुसट झालेला. आई ज्या बिनहाताच्या लाकडी खुर्चीवर बसून आयुष्यभर शिवत आली, तीवरून ती आजही कुणाच्या मदतीशिवाय उठते. मी खुर्चीच्या बैठकीची उंची मापली आणि टेपवर त्या जागी लाल दोरा बांधला. सीट दोऱ्याच्या बरोबरीला आली पाहिजे. थोडी वर चालेल, खाली अजिबात चालणार नाही. बाकीच्या दोन पानांत इंजिन, टायर, विमा, सर्व्हिसचे कागद, सगळं होतं. पण आधी दोरा.

नवी गाडी का घेतली नाही, असं लोक विचारतात. एक तर नवी परवडणारी नव्हती. आणि परवडली असती तरी आमच्या बोळात नवी गाडी ठेवायची म्हणजे रोज सकाळी नवा ओरखडा बघून दिवस खराब करायचा. ज्या गाडीला आधीच चार ओरखडे आहेत तिला पाचव्याचं दुःख होत नाही. हे मी विचार करून ठरवलं होतं आणि आजही माझं मत तेच आहे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मी टेप काढला की विकणारे गोंधळायचे. "मॅडम, एव्हरेज विचारा, एअरबॅग विचारा. टेप काय काढताय?"

"सीट किती उंच आहे?"

"वर-खाली होते की."

"सगळ्यात खाली केल्यावर किती?"

यावर तो पोरगा मोबाइलमध्ये बघायला लागायचा. मी दार उघडून वाकायची आणि मापायची. छोट्या गाड्यांच्या सीटा दोऱ्याच्या खाली बुडायच्या. मोठ्या, सात माणसांच्या गाड्यांच्या सीटा दोऱ्याच्या पार वर, आत जायला आधी घोड्यावर बसायची तयारी पाहिजे. ऑफिसात प्रत्येकाकडं एक सल्ला होता आणि प्रत्येकाचा सल्ला म्हणजे त्याची स्वतःची गाडी. अखेर कुणीतरी म्हणालं, मधली बघा की, ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही का काय म्हणतात ती. लांबीला छोटी, म्हणजे बोळात वळेल. उंचीला मध्यम. मी एक मापली आणि दोरा थेट गादीच्या काठाला लागला. मग फक्त चांगली जुनी मिळायची राहिली.

ती कागलला मिळाली. गावाबाहेरच्या वस्तीवर गाडीमालक आप्पांचं घर. ऊस, दोन म्हशी, सारवलेलं सपाट अंगण, आणि अंगणात राखाडी रंगाची ती गाडी, मागच्या काचेवर पिवळं राजनंदिनी. माझ्याबरोबर ओळखीचे मेकॅनिक होते. ते बॉनेटमध्ये शिरले आणि मी पुढचं दार उघडून टेप सोडला.

आप्पा जवळ आले. धोतर, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला मफलर. "काय ताई, गाडी घ्याला आलायसा का झंपर शिवाला?"

"दोन्ही. आधी माप, मग कापड."

पडवीतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मी आईचं सगळं सांगितलं, खुर्ची, खुबा, लग्नाचं कार्यालय. आप्पांनी टेपचं खालचं टोक स्वतः जमिनीला धरलं. "बघा, लागला दोरा?"

"लागला."

"मग घ्या की. आता खोटं सांगत न्हाई. मागचं डावं दार आतनं उघडत न्हाई, बाहेरनं उघडाय लागतंय. आणि काकवी सांडल्या एकदा."

काकवी म्हणजे गुऱ्हाळावरचा पातळ गूळ. "कुठं सांडली?"

"शिटाखाली. डबा कलांडला. धुतल्या की चांगली!"

मी यादीत लिहिलं: काकवी, आणि पुढं प्रश्नचिन्ह. मग विचारलं, "पण इकताय कशाला?"

"पोरीसाठनं घेतलेली. तिलाच चालवायची हौस. ती गेली सासरला. आता दारात नुस्ती हुबी ऱ्हाती आणि बघितलं की हिला रडू येतंय."

"मला न्हाई," बायको पडवीतून म्हणाली. "त्यास्नीच येतंय."

कागद झाले, बोलणी झाली, आणि गाडी न्यायच्या दिवशी मी पुन्हा गेले. आप्पांनी किल्ली काढली. ती एका कडीत होती आणि कडीला पितळी घुंगरू होतं. मी हात पुढं केला तर आप्पा कडी उकलायला लागले. नखानं निघेना, दातानं ओढली. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि घुंगरू स्वतःच्या खिशात टाकलं.

"ह्ये न्हाई मिळणार हं ताई. जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत आमच्यात. दावं दिलं की गोठा मोकळा हुतोय."

मला ते एकदम पटलं. माझ्या यादीत किचेन नव्हतंच.

बायको ताट घेऊन आली. गाडीपुढं थांबली आणि माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "ताई, तुमच्यात चालतंय न्हवं?"

"आम्ही विहारात जाणारी माणसं. पण निरोप तुमचा हाय. ओवाळा की, मी कशाला अडवू?"

तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, बॉनेटवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आता च्या घेऊनच जावा," म्हणाली. आप्पा तोवर म्हशींकडं गेले होते. म्हशींपाशी त्या वेळी काही काम नव्हतं.

गाडी बोळात शिरली तेव्हा पेठ दारात उभी होती. आमच्याकडं गाडी आली की बोळातल्या प्रत्येकाला तिच्यात एकदा डोकं घालून बघायचा हक्क असतो. फक्त इंदूकाकू आपल्या दारातून हलली नाही. इंदूकाकूचं घर आमच्या समोर. तिच्या दाराला दगडी पायरी आहे, रुंद आणि बसकी, आणि त्या पायरीसमोर कुणी गाडी लावू नये म्हणून तिनं तेलाच्या डब्यांची रांग मांडली आहे. डब्यांत गवती चहा, जास्वंद, कोरफड. आई आणि इंदूकाकू एकमेकींशी थेट बोलत नव्हत्या. इंदूकाकूच्या मुलीच्या लग्नातलं झंपर दंडाला घट्ट झालं होतं. आईचं म्हणणं, माप दिल्यावर पोरगी जाड झाली. इंदूकाकूचं म्हणणं, बाईचं माप चुकलं. तेव्हापासून दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. मुलीला मुलं झाली, ती शाळेत गेली, तरी झंपर संपलं नव्हतं.

आजऱ्याला जायचा रविवार ठरला. मी आदल्या दिवशीच पाणी, औषधं, उशी, शाल, सगळं भरून ठेवलं. आई हो-नाही करत तयार झाली होती. तिला मी टेप दाखवला होता, दोरा दाखवला होता, आप्पांच्या अंगणातली हकिगत सांगितली होती. मापाची भाषा तिला समजते. "दोरा लागला म्हणतीस, तर बघू," एवढंच ती बोलली. सकाळी धुकं होतं. आई इस्त्रीची साडी नेसून, केसात शेवंती माळून, काठी टेकत बाहेर आली. मी ऐटीत दार उघडलं.

आणि तिथं माझी यादी संपली.

आमच्या बोळाचा रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता आहे, पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून. मी सीट मापली होती आप्पांच्या सपाट अंगणात. इथं आई उभी होती उतरणीच्या खालच्या अंगाला, गटाराच्या कडेला, आणि सीट तिच्या कमरेच्याही वर आली होती. तिनं एक पाय आत टाकून बघितला. शरीर वर जाईना. पाय काढला, दुसरा टाकून बघितला.

"पाट आणू का?" मी म्हणाले.

"पाट हलतोय."

दूधवाला सायकल थांबवून पुढं आला. भला माणूस. "थांबा काकू, उचलूया की. दोन मिनटांचं काम."

"हात लावू नको रे बाबा."

मी डोक्यात भराभर उपाय मांडत होते, गाडी पुढं चौकात नेऊ, तिथवर आईला चालवू. पण चौकापर्यंत चालणं तिला झेपणारं नव्हतं आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. आईनं शाल आवरली आणि घराकडं वळली. "राहू दे. येतोय की तांदूळ घरी."

लग्नाच्या दिवशी ती जशी हसली होती तशीच हसत म्हणाली. मला कळलं की आता ती आत गेली तर पुन्हा या गाडीजवळ येणार नाही. ही गाडी बोळात उभी राहील आणि मी तिच्यातून रोज कॉलेजला जाईन.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "तुझ्या आईला सांग, माप चुकलंय म्हणावं."

आई गर्रकन वळली. काठी दगडावर आपटली. "माप माझं न्हाई चुकलं! हिचं चुकलंय!"

सगळा बोळ माझ्याकडं बघायला लागला. दोघी थेट बोलल्यात हे त्या दोघींच्याही एक क्षणभर लक्षात आलं नाही.

"मग माप घेणाऱ्या बाईला एवढं दिसत न्हाई व्हय?" इंदूकाकू म्हणाली. "माझी पायरी केवढी हाय बघ की." आणि तिनं वाकून जास्वंदीचा डबा उचलला. मग कोरफडीचा. गवती चहाचा डबा जड होता, तो पायानं सरकवला. फरशीवरून डबा घासत गेल्याचा करकर आवाज मला अजून ऐकू येतो. "आण गाडी हिकडं. का तीबी मीच आणू?"

मी गाडी फिरवून पायरीला लावली. आईनं बोळ ओलांडला. पायरीपाशी थांबून म्हणाली, "निसरडी न्हाई न्हवं?"

"तुझ्या शिलाईपेक्षा पक्की हाय. ये."

आई पायरीवर चढली, भिंतीला धरून. आता सीट तिच्यासमोर अशी होती जशी ती लाकडी खुर्ची. मी आधार द्यायला पुढं झाले तर इंदूकाकूनं माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. "तू तिकडं बघ," ती हळू म्हणाली. "दूधवाल्या, तूबी. जा, दूध नासंल तुझं."

मी भिंतीकडं बघत राहिले. मागं साडीची सळसळ झाली, एक लांब श्वास, मग गादी दबल्याचा आवाज. आणि मग दार लागलं. धप्प. आईनं स्वतः ओढून घेतलं होतं.

मी वळले तर आई समोर बघत बसलेली होती, शाल मांडीवर. "चल की," म्हणाली. "ऊन हुतंय."

त्या दिवशी कागलपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग ट्रॉल्यांच्या रांगेत आम्ही अडकलो, पुढं ऊस, मागं ऊस, आणि आई म्हणाली, "व्हय गं, उंचावरनं दिसतंय की सगळं. त्या गाडीत नुस्ती चाकं दिसायची." गडहिंग्लज सोडलं आणि तिनं एकदम पाय वर घेतले. "मुंग्या हायत!" होत्या. काकवीच्या वासानं सीटखालून लाल मुंग्यांची रांग निघाली होती आणि ती थेट आईच्या चपलेवरून चालली होती. आजऱ्यापर्यंत आई दोन्ही पाय उशीवर ठेवून बसली आणि मुंग्यांची हालचाल मला कळवत राहिली.

मावशीच्या शेतावर मी आधीच डोळ्यांनी उतार मापत होते. एकदा चुकले ते पुरे. बांध उंच होता, गाडी त्याच्या अंगाला लावली. मावशी खळ्यावरून धावत आली, दोन्ही हात पसरून. "थांब, थांब, मी धरते!"

"लांब हो," आई आतून म्हणाली. "आणि तिकडं बघ."

मावशीनं आज्ञेप्रमाणे डोंगराकडं तोंड केलं. आई बांधावर उतरली. काठी टेकत खळ्याकडं गेली. झोडलेल्या भाताची रास उन्हात तापत होती, गवताला कोवळा, दुधाळ वास होता. कांडून आणलेल्या तांदळाच्या पाट्या झाडाखाली होत्या. आईनं ओंजळ भरली, नाकाला लावली, डोळे मिटले. "ह्यो नको. ह्यो ओल्यात ठिवलेला हाय." दुसरी ओंजळ. "ह्यो बरा." तिसऱ्या ओंजळीला ती बराच वेळ थांबली. मग तिनं ती ओंजळ माझ्या नाकापुढं धरली.

परत येताना तांदळाचं पोतं मागं होतं आणि गाडीत काकवीच्या वर घनसाळाचा वास पसरला होता. घरी उतरताना इंदूकाकूची पायरी मोकळीच होती. दारात कुणी नव्हतं, दार मात्र उघडं होतं. आईनं त्याच संध्याकाळी शेरभर तांदूळ डब्यात भरला आणि मला म्हणाली, "दे जा समोर." मी म्हणाले, "तूच दे." तिनं माझ्याकडं बघितलं, डबा घेतला, आणि गेली. बऱ्याच वेळानं परत आली. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. झंपराचा विषय निघाला असणार, कारण आई येताना पुटपुटत होती, "जाडच झालती ती."

मग तिनं मशीनच्या खणातून कात्री काढली. टेप पसरला आणि लाल दोऱ्याच्या थोडं पुढं कापला. मला धक्का बसला. "अगं, टेप!"

"आता कुणाचं झंपर शिवायचंय मला?" तिनं तुकड्याचं कापलेलं टोक किल्लीच्या भोकात ओवलं, दुमडून टाका घातला, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "किल्ली अशी नागवी ठिवू नये."

गाडी त्यानंतर आमच्या घरात रुळली. काकवीच्या मुंग्या पुढचा उन्हाळाभर येत राहिल्या. मी सीट काढून धुतली, हळद टाकली, चुना टाकला, आणि एके दिवशी त्या स्वतःच्या मर्जीनं गेल्या. मागचं डावं दार अजून आतून उघडत नाही. दुरुस्त करायचं दर वर्षी यादीत असतं आणि दर वर्षी पुढच्या यादीत जातं, कारण भाऊ पुण्याहून आला की त्याच्या मुलांना त्या बाजूला बसवता येतं. भाऊ म्हणतो, ताई, ही देऊन टाक आता, नवी मॉडेल्स बघ. मी बघितली. दुकानात टेपचा तो तुकडा घेऊन गेले, किल्लीसकट, आणि सीटला लावला. नव्या गाड्या दिसायला मोठ्या झाल्यात, आतून बसक्या. माझी जुनीच बरोबर आहे, हे मी भावाला सांगितलं आणि त्यानं विषय सोडला.

मागच्या काचेवर दुसरं काही लावून राजनंदिनी झाकून टाकावी असं एकदा माझ्या मनात आलं होतं. आई म्हणाली, "असू दे. दुसऱ्याची पोर हाय. चार महिने ऱ्हाती आणि जाती." हंगाम सुरू झाला की आप्पांचा फोन येतो. गाडी कशी चालते असं ते कधी विचारत नाहीत. म्हणतात, "चारा-पाणी येळंवर हाय न्हवं?" मी सर्व्हिस झाल्याचं सांगते. मग विचारतात, "आणि आईसाहेब?" मी सांगते, बसतात स्वतः. पलीकडून घुंगराचा बारीक आवाज येतो. फोनवर बोलताना ते खिशात हात घालून उभे असतात, असं मला वाटतं.

या रविवारी आम्हाला आजऱ्याला जायचंय. मावशीनं निरोप पाठवलाय, यंदा भात चांगलं उतरलंय. पाणी, औषधं, उशी, शाल तयार आहे. मी आज सकाळी फक्त गाडी पुसायला बाहेर आले होते आणि आई म्हणाली, विहारात सोड. गाडी सुरू केली तसा समोरून डबे सरकल्याचा करकर आवाज आला. इंदूकाकूला आता हाक मारावी लागत नाही. ती डबे हलवते आणि स्वतः दाराआड जाते, नाहीतर गवती चहाची पानं खुडायला लागते, पाठ करून.

मी गाडी पायरीला लावली, दार उघडलं, आणि माझ्या बाजूच्या आरशात बघायला लागले. आरशात बघण्यासारखं काही नव्हतं. बोळ, सायकल, एक कुत्रं. ऑफिसात माझ्यासमोर कुणी अर्ज भरताना अडखळलं की मी पेन हातातून घेऊन स्वतः भरून देते, इतकी मला घाई असते. या एका जागी मी हात मांडीवर ठेवून बसायला शिकले. ते कुठल्याच यादीत नव्हतं आणि मला सगळ्यात जास्त दिवस त्यालाच लागले.

मागं काठी पायरीवर टेकली. मग काही नाही. मग पुन्हा काठी. यंदा तिला वेळ लागतोय, मागच्या हंगामापेक्षा जास्त. मधल्या आरशात मागच्या काचेवरलं दव वितळत होतं आणि राजनंदिनीची शेवटची अक्षरं पुसट होत चालली होती. इंदूकाकू गवती चहा खुडत होती. ती खुडतच राहिली. एवढ्या पानांचा चहा अख्ख्या बोळाला पुरला असता.

मी वळून बघितलं नाही.

गादी दबली. श्वास ऐकू आला. मग दार लागलं, धप्प.

"चल की," आई म्हणाली. "कुणाची वाट बघतीयास?"

मी गाडी पुढं काढली.